तारणावर बोजा कसा नोंदवायचा: कुठल्या रजिस्टरात, किती दिवसांत, आणि नोंद झाल्यावर काय तपासायचं

कर्जाचा करार झाला, सह्या झाल्या, स्टॅम्प लागला, फाईल कपाटात गेली की बरेच जण निर्धास्त होतात आणि घोळ नेमका तिथेच होतो. करारात काय लिहिलंय ते देणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला माहीत, पण उद्या तोच फ्लॅट कोणी तिसरा विकत घ्यायला आला किंवा दुसऱ्या बँकेकडे तेच मशीन तारण म्हणून गेलं तर त्यांना तुमच्या कपाटातली फाईल कशी दिसणार? म्हणून बोजा, म्हणजे तारणावरचा तुमचा हक्क, सार्वजनिक रजिस्टरात चढवायचा. चढवायचा म्हणजे कुठे, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, कारण आपल्याकडे एक रजिस्टर नाही, चार-पाच आहेत आणि एकाच तारणाची नोंद दोन-तीन ठिकाणी करावी लागते. खाली जे लिहितोय ते महाराष्ट्रातल्या छोट्या बँका, पतसंस्था, एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) आणि त्यांची कामं करणारे वकील-सीए लोक यांना डोळ्यासमोर ठेवून, पण कर्जदारानेही वाचलं तर फायदाच आहे.

आधी ठरवा, तारण काय आहे आणि कर्जदार कोण आहे

या दोन प्रश्नांच्या उत्तरावर सगळं अवलंबून. कर्जदार कंपनी असेल तर तारण काहीही असो, जागा, मशिनरी, स्टॉक, येणी, आरओसीकडे (रजिस्ट्रार ऑफ कंपनीज) चार्ज म्हणजे बोजा नोंदवावाच लागतो. तारण स्थावर असो की मशिनरी, स्टॉक, येणी, सरसाय (CERSAI, बोजांची केंद्रीय रजिस्ट्री), आणि जागेची टायटल डीड म्हणजे मालकीचे मूळ कागद ठेवून घेतले असतील तर शिवाय नोंदणी खात्याकडे नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची सूचना. शेतजमीन असेल तर सातबारा. सिटी सर्व्हेतली मिळकत असेल तर प्रॉपर्टी कार्ड. सोसायटीतला फ्लॅट असेल तर सोसायटीच्या दप्तरी लियन, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या हक्काची नोंद. गाडी असेल तर आरसीवर एचपी, म्हणजे फायनान्सरच्या बोजाची नोंद. डिमॅटमधले शेअर असतील तर शेअरची खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडे प्लेज म्हणजे गहाण, कर्जदार कंपनी नसेल तर तिथे बाकी काही करावं लागत नाही, प्लेज लागला की शेअर हलतच नाहीत. आता समजा एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने एमआयडीसीबाहेरचा स्वतःचा गाळा आणि आतली मशिनरी तारण दिली, तर आरओसी झाली, सरसाय झालं, नोटीस ऑफ इंटिमेशन झाली, आणि प्रॉपर्टी कार्ड असेल तर तेही. यातलं एक केलं म्हणून दुसरं माफ होत नाही हे लक्षात ठेवा, कारण 'आरओसी केलंय की' हे उत्तर मी फार ऐकलंय.

पैसे देण्याआधी सर्च

नोंद करण्याआधी दुसऱ्याची नोंद आहे का ते बघायचं. सरसायच्या साईटवर दहा रुपयांत सर्च होतो, कोणीही करू शकतो, मालमत्तेवरून पण आणि कर्जदारावरून पण, आणि दोन्ही करायचे, एकावर थांबायचं नाही. नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर त्या मिळकतीचे दस्त आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) बघायचे, वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट येतोच पण तो ज्या तारखेपर्यंतचा आहे त्या तारखेनंतर काय झालं ते रिपोर्टमध्ये नसतं, त्यामुळे चेक देण्याच्या आदल्या दिवशी परत एकदा स्वतः बघा. कंपनी असेल तर एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, साईटवर इंडेक्स ऑफ चार्जेस उघडा, कंपनीचा सीआयएन (नोंदणी क्रमांक) टाकला की कुठल्या बँकेचा किती रकमेचा चार्ज आहे, कधी नोंदला, कधी सुटला सगळी यादी येते. शेतजमिनीचा ताजा डिजिटल सातबारा काढाच, पण सोबत महसूल खात्याच्या 'आपली चावडी' साईटवर त्या गावाचे प्रलंबित फेरफार (हक्कांतल्या बदलाच्या नोंदी) पण बघा, कारण फेरफार नोंद घेतलेली असते पण मंजूर झालेली नसते तेव्हा बोजा सातबाऱ्यावर अजून आलेला नसतो आणि कोरा सातबारा बघून माणूस फसतो.

सरसाय

हे जन्माला का आलं ते कळलं की फॉर्म भरताना काळजी आपोआप घेतली जाते. टायटल डीड ठेवून कर्ज देण्याची पद्धत जुनी आणि सोयीची, पण त्यात बाहेरच्याला काहीच दिसायचं नाही, मग एकाच फ्लॅटचे कागद, कधी खरे कधी रंगीत झेरॉक्स, दाखवून दोन-तीन बँकांकडून कर्ज उचलायचे प्रकार व्हायचे. म्हणून सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारणाचा ताबा घेऊन लिलाव करू देणारा कायदा) ३१ मार्च २०११ ला ही केंद्रीय रजिस्ट्री सुरू झाली. नंतर कायद्यात प्रकरण चार-अ आलं आणि ते २४ जानेवारी २०२० पासून लागू झालं, आणि खरी धार तेव्हा आली. त्यातल्या तीन गोष्टी कामाच्या. एक, कलम २६-सी, इथे नोंद झाली म्हणजे सगळ्या जगाला सूचना दिली असं धरतात, 'मला माहीत नव्हतं' ही पळवाट बंद. दोन, २६-डी, सरसायवर नोंद नसेल तर सरफेसीखाली ताबा-लिलाव काहीही करता येत नाही, म्हणजे सगळं बरोबर असूनही शस्त्र म्यानात. तीन, २६-ई, नोंद असेल तर सरकारी करांच्या आधी तुमचा पैसा. या तिसऱ्या मुद्द्यावर बराच वाद चालला, विक्रीकर खातं म्हणायचं आमचा बोजा पहिला आणि बँक म्हणायची आमचा, शेवटी मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने ३० ऑगस्ट २०२२ ला जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात निकाल दिला की सरसायवर नोंद असलेल्या सिक्युअर्ड क्रेडिटरचा, म्हणजे तारण घेऊन कर्ज देणाऱ्याचा, क्रम राज्याच्या कराच्या वर. त्यामुळे ही नोंद कारकुनाचं उरलेलं काम समजून महिनाअखेरीला ढकलू नका. कर्जाची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी ५० रुपये, वर असेल तर १००, वर जीएसटी. इतक्या फीसाठी कोटीचं तारण उघडं ठेवायचं कशाला?

फॉर्म भरताना खरी मेहनत मालमत्तेच्या वर्णनात आहे. बहुतेक जण करारात जे लिहिलंय तेच कॉपी करतात आणि करारात वर्णन कसं असतं तर सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा तमुक, पण शोधणारा माणूस काय टाकतो, तर सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर किंवा फ्लॅट नंबर आणि बिल्डिंगचं नाव आणि पिनकोड. जुन्या मिळकतींना सर्व्हे नंबर वेगळा, सीटीएस वेगळा, टीपी (नगररचना) स्कीममध्ये फायनल प्लॉट नंबर तिसराच. जितके नंबर त्या मिळकतीला लागू आहेत तितके फॉर्ममध्ये जिथे जिथे जागा आहे तिथे भरा. बिल्डिंगचं नाव इंडेक्स टूमध्ये आहे तसं घ्या, कर्जदार बोलताना सांगतो तसं नाही, कारण 'साईकृपा' आणि 'श्री साई कृपा सहकारी गृहरचना संस्था' हे शोधणाऱ्या यंत्राला एकच वाटत नाही. विंग आणि मजला सोडू नका. दोन भाऊ मिळून मालक असतील तर दोघांची नावं, दोघांचे पॅन, कर्ज एकाच्याच नावावर असलं तरी तारण देणारा दुसरा आहे हे वेगळं दाखवावं लागतं.

आणि नोंद झाल्यावर, हे मी सगळ्यांना सांगतो आणि फार थोडे करतात, स्वतःचीच नोंद अनोळखी माणसासारखी शोधून बघा. तुमच्याकडचा आयडी टाकून नाही, तो टाकला की सापडणारच. फक्त फ्लॅट नंबर, बिल्डिंग, पिनकोड टाका, मग फक्त सीटीएस नंबर टाका, मग फक्त पॅन. तिन्ही वेळा सापडली तर नोंद कामाची. नाही सापडली तर तेव्हाच दुरुस्ती करा, नोंद फाईलसाठी नाही शोधणाऱ्यासाठी आहे, त्याला सापडत नसेल तर असून नसल्यासारखीच.

एक गोष्ट पतसंस्थांसाठी. सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे हे सुप्रीम कोर्टाने ५ मे २०२० ला पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक या प्रकरणात पक्कं केलं, पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, त्यांचा रस्ता सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याचा. एनबीएफसीला लागू आहे पण मालमत्ता १०० कोटींच्या वर आणि कर्ज २० लाखांच्या वर असेल तर. आणि शेतजमिनीवर सरफेसी चालतच नाही, कर्ज कोणीही दिलेलं असो.

नोटीस ऑफ इंटिमेशन

रजिस्टर्ड गहाणखत केलं तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलं जातंच, इंडेक्स टूला येतं, नोंदणी खात्याकडे वेगळं काही नको. पण टायटल डीड ठेवून इक्विटेबल मॉर्गेज (फक्त कागद ठेवून केलेलं गहाण) केलं आणि त्याचा मेमो, म्हणजे कागद ठेवल्याचं टिपण, नोंदवला नाही तर १ एप्रिल २०१३ पासून महाराष्ट्रात नोंदणी कायद्याच्या कलम ८९-ब प्रमाणे ३० दिवसांत नोटीस फाईल करायची, मिळकत ज्या दुय्यम निबंधकाच्या हद्दीत आहे तिथे. जबाबदारी गहाण देणाऱ्याची म्हणजे कर्जदाराची आहे, नाही केली तर शिक्षेची तरतूदही आहे, पण नुकसान तुमचं होणार म्हणून पाठपुरावा तुम्हीच करायचा. फाईलिंग फी १००० रुपये आणि वर डॉक्युमेंट हॅन्डलिंग चार्जेस. आता ई-फाईलिंग झाल्यामुळे बँकेच्या टेबलावरूनच होतं, कर्जदाराचा फोटो आणि अंगठा लागतो, म्हणून तो सह्या करायला आला असेल त्याच बैठकीत उरकून घ्या. एकदा चेक हातात पडला की माणूस फोन उचलत नाही.

दिवस कागद ठेवल्याच्या तारखेपासून मोजायचे, चेकच्या तारखेपासून नाही. ती तारीख मेमोमध्ये, नोटीसमध्ये आणि सरसायवर एकच असली पाहिजे, तिन्हीकडे वेगवेगळी दिसली की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.

सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड

गावाकडे आजही लोक सरसाय वगैरे बघत नाहीत, सातबारा बघतात, आणि शेतजमिनीला सरफेसी नसल्यामुळे इथली नोंद म्हणजे तुमचा मुख्य आधार. बोजा 'इतर हक्क' रकान्यात येतो. विकास सोसायटी किंवा सहकारी बँकेचं पीककर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम ४८ खाली कर्जदार इकरार लिहून देतो आणि त्यावरून बोजा चढतो, बाकीच्यांचं गहाणखतावरून. इकराराची ताकद लोकांना कमी वाटते पण कर्ज फिटेपर्यंत त्या जमिनीची परस्पर विक्री कलम ४८ खाली बेकायदा ठरते, म्हणजे साध्या दिसणाऱ्या कागदाला चांगलाच दम आहे.

पूर्वी तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज देऊन हेलपाटे घालायला लागायचे, आता ई-हक्क प्रणालीतून बँक किंवा सोसायटी स्वतः लॉगिन करून 'बोजा चढवणे' हा अर्ज भरू शकते. गाव, गट नंबर, खाते नंबर, खातेदार, रक्कम टाकायची, गहाणखत किंवा इकरार स्कॅन करून जोडायचा. मग फेरफार नोंद पडते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस, आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. अर्ज क्रमांक मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, फेरफार क्रमांक मिळाला तरी नाही, मंजूर झाला आणि नवीन सातबाऱ्यावर इतर हक्कात तुमच्या संस्थेचं नाव आणि रक्कम छापून आली की झालं. तो सातबारा काढून फाईलला लावा.

इथे चुका होतात त्या दोनच प्रकारच्या, गट नंबरातल्या पोटहिश्श्याच्या आणि सामाईक खात्याच्या. ४५/२/अ ऐवजी ४५/२ वर बोजा चढला की ज्याचा काही संबंध नाही तो चुलता हरकत घेऊन येतो आणि ज्याने कर्ज घेतलं त्याचा उतारा कोरा राहतो. सामाईक खात्यात चार जणांपैकी एकानेच कर्ज घेतलं असेल तर नोंदीत 'अमुक यांच्या हिश्श्यावर' असं स्पष्ट यायला हवं, नाहीतर वाटप होताना भांडण तुमच्या दारात. शहरी मिळकतीला हेच काम भूमी अभिलेखकडे, प्रॉपर्टी कार्डवर.

सोसायटीतल्या फ्लॅटला एक पत्र सोसायटीच्या सेक्रेटरीला द्या, लियन नोंदवून तशी पोच सही-शिक्क्यासह घ्या. ही काही सरकारी नोंद नाही, पण फ्लॅट विकताना एनओसी मागायला माणूस सोसायटीकडे जातो आणि बहुतेक वेळा फसवणूक तिथेच अडते, त्यामुळे फुकटातला हा बंदोबस्त सोडू नये.

कंपनी असेल तर आरओसी

कंपनी कायदा २०१३ चं कलम ७७. चार्ज तयार झाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म सीएचजी-१, डिबेंचर असतील तर सीएचजी-९. फॉर्म कंपनी भरते, संचालकाची डिजिटल सही आणि तुमची पण डिजिटल सही, सोबत हायपोथिकेशन डीड (माल-मशिनरी कर्जदाराकडेच ठेवून तारण दिल्याचा दस्त) किंवा जो दस्त असेल तो. साधी फी कंपनीच्या भांडवलाप्रमाणे २०० ते ६०० रुपये. ३० दिवस चुकले तर अजून ३० दिवस जादा फी भरून, तेही चुकले तर शेवटचे ६० दिवस चार्जच्या रकमेवर टक्केवारीने फी, छोट्या कंपनीला ०.०२५ टक्के पण कमाल १ लाख, इतरांना ०.०५ टक्के पण कमाल ५ लाख. म्हणजे एकूण १२० दिवस. पूर्वी ३०० दिवस चालायचे, तेच डोक्यात ठेवून अजून काही जण निवांत असतात, पण २ नोव्हेंबर २०१८ नंतरच्या चार्जला १२० च्या पुढे त्या दस्तावर दार बंद.

नोंद नसली तर कर्ज बुडत नाही, कंपनीने पैसे द्यायचेच आहेत, पण कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली की कलम ७७(३) प्रमाणे लिक्विडेटर आणि बाकीचे धनको तुमचा चार्ज विचारात घेत नाहीत, तुम्ही अनसिक्युअर्डच्या रांगेत, आणि त्या रांगेच्या शेवटी काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. दिवाळखोरीत दावा लावतानाही सिक्युरिटीचा पुरावा म्हणून आरओसीचं सर्टिफिकेट, सरसायची नोंद किंवा इन्फर्मेशन युटिलिटीतला (कर्जांची माहिती साठवणारी मान्यताप्राप्त संस्था) रेकॉर्ड हेच चालतं.

कंपनी टाळाटाळ करत असेल तर हात चोळत बसू नका, ३० दिवस उलटल्यावर कलम ७८ खाली तुम्ही स्वतः अर्ज करू शकता, रजिस्ट्रार कंपनीला नोटीस देऊन १४ दिवसांत नोंद करतो आणि भरलेली फी कंपनीकडून वसूल करता येते. मंजुरीनंतर सीएचजी-२ सर्टिफिकेट येतं, त्यावरचा चार्ज आयडी, रक्कम, तारीख आणि मालमत्तेचं वर्णन ओळ न ओळ वाचा. नंतर लिमिट वाढवली, व्याज बदललं, नवीन तारण जोडलं की परत सीएचजी-१, मॉडिफिकेशन म्हणून, आणि दिवस तेच. लिमिट १ कोटीवरून २ कोटी केली आणि रजिस्टरात १ कोटीच राहिली तर वरच्या कोटीचं तारण दाखवणार कुठे? सरसायवरही हा बदल करावा लागतो, तो तर हमखास राहतो.

गाडी

सोपं प्रकरण. नवीन गाडीला नोंदणीच्या अर्जातच फायनान्सरचं नाव जातं, जुन्या गाडीवर कर्ज दिलं तर फॉर्म ३४, दोघांच्या सह्या, आरटीओची फी दुचाकीला ५०० आणि मोटारीला १५००. वाहन पोर्टलवर गाडीच्या तपशिलात फायनान्सर दिसतोय का बघा.

फिटल्यावर बोजा उतरवणं

चढवताना जी घाई असते ती उतरवताना कोणाला नसते. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला बँका, एनबीएफसी, सहकारी बँका सगळ्यांना सांगितलंय की वैयक्तिक कर्जदाराचं कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि कुठल्याही रजिस्ट्रीत नोंदवलेला बोजा काढायचा, संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. सरसायवर सॅटिस्फॅक्शनला, म्हणजे कर्ज फिटल्याच्या नोंदीला, फी नाही. कंपनीचं असेल तर सीएचजी-४, तोही ३० दिवसांत, उशीर झाला तर जादा फी भरून ३०० दिवसांपर्यंत. गाडीला फॉर्म ३५ दोन प्रतींत आणि संस्थेची एनओसी.

कर्जदारांनो, सातबाऱ्याचं मात्र स्वतः मागे लागा. संस्था 'कर्ज निरंक'चा दाखला हातात देते आणि तिच्या मते काम संपतं, पण दाखला तुमच्या पेटीत आणि बोजा उताऱ्यावर तसाच. ई-हक्कमध्ये 'बोजा कमी करणे' हा अर्ज संस्थेकडून टाकून घ्या किंवा दाखला जोडून स्वतः टाका, फेरफार मंजूर झाल्यावर नवीन उतारा काढा आणि इतर हक्काच्या रकान्यात जुना बोजा कमी झाल्याचं बघूनच थांबा.